कोल्हापूरचा गोबरगॅस आणि कोंबडखत

कोल्हापूर जिल्ह्यात शेणाचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दोन वाटांनी झाला. काही शेण उकिरड्यात कुजून रानात जाई आणि उरलेल्याच्या शेणी थापल्या जात. बोटांचे ठसे उमटलेल्या या शेणी परड्यात वाळत, पावसाळ्यापूर्वी त्यांचा हुडवा रचला जाई आणि वर्षभर चूल त्यावर पेटे. पंचगंगेच्या स्मशानात आजही दहनासाठी शेणी वापरतात, आणि होळीच्या सुमारास लोक तिथे शेणी दान करतात. पण चुलीत गेलेल्या शेणीतले नत्र रानाला मिळत नाही. जळण आणि खत यांपैकी एकच निवडण्याची ही अडचण गोबरगॅसने सोडवली: गॅस चुलीला, उरलेली मळी रानाला.

या तंत्राची सुरुवात झाली ती मैल्यापासून. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात 1897 मध्ये मैल्यापासून गॅस काढण्यात आला. पुढे कोल्हापूरच्या घाटाखाली, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीच्या कार्यातून संडासाला गॅसची टाकी जोडण्याचा ध्यास घेतला. मैल्याला हात लावण्याची वेळ कोणावरच येऊ नये, हा त्यामागचा आग्रह होता, आणि गोबरगॅसच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान द्यायला हवे. दरम्यान 1951 च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपीचे संयंत्र तयार केले. साठच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले.

कोल्हापुरात गोबरगॅस रुजला तो म्हशीमुळे. उसाच्या वाड्यावर दारातच बांधून पोसलेल्या जनावराचे शेण एका जागी मिळते. 1963 मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा गोकुळ, स्थापन झाला आणि गोठ्याला रोख पैशाचा आधार आला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे चारपाच जनावरे. सकाळी घरची बाई शेणात तेवढेच पाणी घालून काला करते, त्यातली वैरणीची चिपाडे हाताने वेचते आणि बोळा काढून काला टाकीत सोडते. धुराने डोळे चोळत फुंकणी मारण्याचे तिचे कष्ट यामुळे थांबले.

लोखंडी टोपी गंजे आणि महागही पडे. म्हणून 1984 मध्ये विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आले. 1981-82 पासून केंद्राचा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम आधीच सुरू होता. घुमटाचा गिलावा मात्र कसबी गवंड्याचाच हवा, कारण केसाएवढ्या भेगेतूनही गॅस निसटतो.

कुक्कुटपालन वाढले तसा कोंबडखताचा प्रश्न उभा राहिला. किलोमागे शेणातून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो, तर कोंबडीच्या विष्ठेतून 60 लिटरच्या वर. पण एक कोंबडी दिवसाला जेमतेम 100 ग्रॅम विष्ठा टाकते, त्यामुळे पाच म्हशींची बरोबरी करायला तीनशेच्या आसपास पक्षी लागतात. त्याहून मोठी अडचण रसायनाची आहे. कोंबडीची लघवी वेगळी पडत नाही. युरिक आम्ल विष्ठेतच येते, त्याचा अमोनिया होतो आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव दबतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातली शिंपल्याची, चुनखडीची कच टाकीच्या तळाशी बसते. ब्रॉयलरच्या शेडमधले भाताचे तूस आणि पिसे वर तरंगून जाड साय धरतात. घुमटाच्या टाकीतला हा गाळ काढायला आत उतरणे जिवावरचे असते, कारण आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू साचलेला असतो.

म्हणून टाकी आधी शेणकाल्याने चालू करायची, मग विष्ठा थोडीथोडी वाढवायची, पाणी शेणापेक्षा जास्त घालायचे आणि शेणाची जोड कायम ठेवायची, ही रीत पडली. बाहेर पडणारी मळी नत्राने समृद्ध असते आणि उसाला मानवते.

अलीकडे गोकुळने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्याने दूध उत्पादकांच्या दारात पिशवीसारख्या लवचिक टाक्या बसवल्या. या टाक्याही शेणावरच चालतात. कोंबडखत मात्र अजून बहुतांशी पोत्यांत भरून, ट्रॉलीतून थेट रानात जाते.