लव्हालचे डॉक्टर लाब्री आणि दाखल्यांची मोजदाद

क्वेबेक प्रांतात नव्याने आलेल्या माणसाचा लव्हाल या नावावरून एकदा तरी घोटाळा होतो. लव्हाल शहर मॉन्ट्रियलच्या उत्तरेला, नदीपलीकडच्या बेटावर आहे. बेटावरची गावे एकत्र करून १९६५ साली ते झाले. लव्हाल विद्यापीठ मात्र तिथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, क्वेबेक सिटीत. दोघांनाही नाव मिळाले ते क्वेबेकचे पहिले बिशप फ्रान्स्वा द लव्हाल यांचे. त्यांनी १६६३ साली काढलेल्या सेमिनरीतून पुढे १८५२ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सनदेने, हे विद्यापीठ उभे राहिले.

हे सांगायचे कारण असे, की आमच्या ओळखीतल्या एका मुलाला विद्यापीठातून मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्याने बेटावरच्या शहरात भाड्याची जागा शोधायला सुरुवात केली! तो घोटाळा फोनवर निस्तरला. मग त्याने खरी काळजी बोलून दाखवली. "काका, माझे पेपर सगळे मिळून चार. तिथे तर हजारांच्या गोष्टी चालतात. कसे व्हायचे?"

हजारांच्या गोष्टी खऱ्या होत्या. त्या होत्या डॉक्टर फर्नां लाब्री यांच्या. त्याला फोनवर नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणी ना कोणी संशोधनात आहे, आणि 'किती पेपर झाले?' हा प्रश्न 'पगार किती?' या प्रश्नाइतकाच सहज विचारला जातो. तेव्हा ही मोजदाद आली कुठून आणि तिच्यातून कळते काय, हे एका माणसाच्या कामावरून पाहू.

आधी मोजदादीविषयी. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा दाखला पुढे कोणकोणत्या खटल्यांत दिला गेला आणि तो निकाल टिकला की फिरला, हे तीत सापडे. हीच कल्पना विज्ञानाला लावावी, असे यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या साप्ताहिकात मांडले. १९६४ साली फिलाडेल्फियाहून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाहेर पडली. मूळ हेतू वाट शोधण्याचा होता: अमुक शोधनिबंध हाती आला, तर त्याचे पुढे काय झाले? पण सूची तयार झाली की मोजणे सोपे होते, आणि मोजता आले की क्रम लावण्याचा मोह होतो. २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावर एक आकडा सुचविला. तुमच्या चाळीस निबंधांना प्रत्येकी निदान चाळीस दाखले असतील, तर तुमचा आकडा चाळीस. आज नेमणुका, बढत्या आणि अनुदाने या आकड्याभोवती फिरताना दिसतात.

आता डॉक्टर लाब्री. जन्म १९३७, क्वेबेकमधल्या लॉरिएव्हिल या लहानशा गावी. वैद्यकीचे शिक्षण लव्हाल विद्यापीठात. पुढे केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्याकडे काम. हे सँगर म्हणजे रसायनशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवणारे. १९६९ साली लाब्री परतले आणि लव्हालच्या हॉस्पिटलात त्यांनी संप्रेरकांवरची प्रयोगशाळा सुरू केली. २०२४ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक शोधनिबंध होते, आणि ज्यांचे दाखले जगभर घेतले जातात अशा कॅनेडियन शास्त्रज्ञांत त्यांचे नाव अनेक वर्षे अग्रभागी राहिले.

पण त्यांनी केले काय? त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले, की प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुष-संप्रेरकावर पोसतो आणि वृषणे काढून टाकली की तो आखडतो. हगिन्स मूळचे आपल्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यानंतर कित्येक वर्षे रुग्णापुढे दोनच वाटा होत्या: शस्त्रक्रिया, नाहीतर स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या. पहिलीने मन खचे, दुसरीने हृदयाला धोका.

मेंदूतून निघणारे एलएचआरएच हे संप्रेरक पिच्युइटरी ग्रंथीला कामाला लावते, आणि ती वृषणांना. १९७० च्या दशकात या संप्रेरकाच्या जोरकस नकला प्रयोगशाळेत तयार झाल्या. सरळ हिशेबाने त्या दिल्यावर पुरुष-संप्रेरक वाढायला हवे. वाढलेही, पण थोडेच दिवस. औषध चालू ठेवले तर ग्रंथी दाद देईनाशी होई आणि संप्रेरक जवळपास तळाला जाई. दारावरची घंटा कोणी सारखी वाजवत राहिले, तर घरचे उठून बघायचे सोडून देतात, तसेच. माणसातला हा परिणाम लाब्री आणि सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केला. १९८२ साली मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांबरोबर आणि नोबेल विजेते अँड्र्यू शॅली यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरचे निष्कर्ष आले. १९८५ साली या जातीच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. सुरीचे काम सुई करू लागली.

लाब्री इथे थांबले नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की वृषणे शांत झाली तरी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी डीएचईए नावाचा कच्चा माल सोडतच राहतात आणि प्रोस्टेटच्या पेशी त्यातून स्वतःपुरते संप्रेरक घरीच बनवतात. उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हा माल फारसा बनवत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत ही गोष्ट लक्षात येणे अवघड होते. म्हणून इंजेक्शनच्या जोडीला, पुरुष-संप्रेरकाचे काम अडवणारे दुसरे औषध पहिल्या दिवसापासून द्या, असे त्यांनी १९८२ पासून आग्रहाने मांडले.

इथून वाद पेटला. १९८९ च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दुहेरी उपचाराने मध्यम आयुर्मान २८.३ महिन्यांवरून ३५.६ महिन्यांवर गेले. १९९८ च्या दुसऱ्या चाचणीत शस्त्रक्रियेला त्याच गोळ्यांची जोड दिली, तर म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. मग २००० साली २७ चाचण्यांतल्या ८,२७५ रुग्णांचा एकत्र हिशेब 'लॅन्सेट'मध्ये आला. पाच वर्षांनी हयात असलेले, दुहेरी उपचारात २५.४ टक्के आणि एकेरीत २३.६ टक्के. फरक जेमतेम.

वाचकहो, आता आकड्याकडे पुन्हा बघा. या वादात ज्यांनी लाब्रींना उचलून धरले त्यांनी त्यांचा दाखला दिला, आणि ज्यांनी खोडून काढले त्यांनीही दिला. सूचीत दोन्ही सारखेच, प्रत्येकी एक. वकिलांच्या सूचीत निकाल फिरला की तशी खूण असे. विज्ञानाच्या मोजणीत ती खूणच गळाली.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९८८ साली लाब्रींनी क्वेबेक सिटी परिसरातल्या ४६ हजारांहून अधिक पुरुषांवर प्रोस्टेटच्या चाचणीचा अभ्यास सुरू केला. चाचणीमुळे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे २००४ साली त्यांनी लिहिले. पण ज्यांना बोलावणे गेले त्यांच्यातले पाव लोकसुद्धा आले नव्हते, आणि तुलना केली होती ती प्रत्यक्ष आलेल्यांची न आलेल्यांशी. आपणहून तपासायला येणारा माणूस मुळातच तब्येतीला जपणारा असू शकतो. चिठ्ठी टाकून पाडलेले मूळचे दोन गट तसेच ठेवून हिशेब केला, तर तो फायदा दिसेना. हा अभ्यास पुढे पुष्कळ ठिकाणी उद्धृत झाला, आणि बऱ्याचदा तो हिशेब कसा करू नये हे सांगण्यासाठी.

मग लाब्री चुकले असे म्हणून पान उलटायचे का? तसेही नाही. पेशी स्वतःपुरते संप्रेरक बनवतात या कल्पनेला त्यांनी १९८८ साली 'इंट्राक्रायनॉलॉजी' असे नाव दिले होते. २०११ साली अमेरिकेत अ‍ॅबिरॅटेरॉन या औषधाला परवानगी मिळाली. ते वृषणांबाहेर, अ‍ॅड्रिनलमध्ये आणि खुद्द गाठीत होणारी संप्रेरकाची निर्मिती बंद पाडते, आणि त्याने रुग्ण जास्त जगतात हे सिद्ध झाले. म्हणजे जुनी औषधे तोकडी पडली, पण मूळ शंका बरोबर होती. हे कळायला जवळजवळ तीस वर्षे लागली. इतकी वर्षे कुठली निवड समिती थांबते?

आणखी एक गोष्ट. हजार निबंध एकटा माणूस लिहीत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत पहिले नाव काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि शेवटचे प्रमुखाचे. भाषेचाही वाटा आहे. फ्रेंच क्वेबेकचा हा अभिमानी पुत्र आपले संशोधन मुख्यतः इंग्रजीत छापत असे, कारण सूचीत जागा होती ती इंग्रजी नियतकालिकांना. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या मुलखातले एक उदाहरण घेऊ. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. रक्तदाब चढे, हृदय थके, फुफ्फुसांत पाणी भरे. बावस्करांनी खाटेशेजारी बसून लक्षणे टिपली, आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट'ने छापली. पुढे रक्तदाबासाठी मिळणारे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यावर आले. हाताशी ना प्रयोगशाळा, ना विद्यार्थ्यांची फौज. २०११ साली त्यांनी आणि डॉक्टर प्रमोदिनी बावस्करांनी ७० रुग्णांवर चाचणी करून दाखवले, की नुसत्या प्राझोसिनपेक्षा जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर बरा होतो. स्वतःच्याच उपचारात सुधारणा, तीही चारचौघांसमोर तपासून! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशावर लिहिणारे जगात मूठभर, त्यामुळे दाखले घेणारेही मूठभर. आकड्यांच्या शर्यतीत महाड कधीच लव्हालच्या पुढे जाणार नाही.

म्हणून त्या मुलाला नंतर मी एवढेच कळवले, की चार पेपर आहेत तर चारांतल्या प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी सांगता येऊ देत: नवे काय सापडले, दुसऱ्या कोणी ते तपासले का, आणि न पटणारे काय म्हणतात. तो क्वेबेक सिटीला गेला, या वेळी बरोबर गावी.

आणि आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांसाठी एक. आपल्यापैकी कोणाला तरी, कदाचित शेजारच्या खुर्चीवरच्याला, दर तीन महिन्यांनी दंडात किंवा पोटावर ते इंजेक्शन मिळत असेल. नर्सला लाब्री हे नाव ठाऊक नसेल, घेणाऱ्यालाही नसेल. औषध अंगात जाते तेव्हा कोणी त्यांचा दाखला देत नाही, आणि ते कुठल्याही सूचीत मोजले जात नाही.