मधुमेह, नीरिळिवु आणि देहाचे साम्य : सरफोजीकालीन तंजावरच्या संदर्भात

तंजावरच्या मराठी राजवटीच्या वाङ्मयेतिहासात नाटक, कीर्तन व संगीत यांना प्राधान्य मिळते. तेथील वैद्यकीय लेखन मात्र बहुधा वैद्यकाच्या इतिहासाकडे सोपवले जाते. वस्तुतः एका भाषेतील देहविषयक कल्पना दुसऱ्या भाषेत जाताना काय टिकते आणि काय गळते, हा तौलनिक अभ्यासाचाच प्रश्न आहे. मधुमेहाच्या नावांच्या आधारे तो येथे मांडला आहे.

दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्यांच्या कर्तृत्वाला ग्रंथसंग्रह व विद्याव्यासंग हीच मुख्य क्षेत्रे उरली. सरस्वती महालाच्या बरोबरीने त्यांनी धन्वंतरी महालाला आश्रय दिला. तेथील औषधयोग ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. त्यांची मांडणी रोगनिहाय असून एक भाग ‘नीरिळिवु’ या रोगाचा आहे. दरबाराची मराठी मोडी लिपीत लिहिली जात असताना चिकित्सेसाठी तमिळ पद्य स्वीकारले गेले, ही बाब अर्थपूर्ण आहे. पद्य मुखोद्गत होते आणि तमिळ ही त्या प्रदेशातील वैद्य व रुग्ण यांची भाषा होती.

‘नीरिळिवु’ या शब्दात पाणी खाली ओघळून जाण्याचा अर्थ आहे. ग्रीक ‘डायाबिटीस’मध्येही आरपार वाहून जाणे हीच कल्पना आहे. संस्कृत ‘मधुमेह’ मात्र त्या स्रावाचे माधुर्य सांगतो. ही लक्षणे परस्परसंबद्ध आहेत. रक्तातील साखर सुमारे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती पूर्णपणे परत शोषून घेता येत नाही. ती मूत्रात उतरते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणजे ही तिन्ही नावे देहाबाहेर पडणाऱ्या द्रवाचीच आहेत. देहाच्या आत काय बिघडले, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

आत पाहण्याचा इतिहास वेगळा आहे. सरफोजींच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १७७६ मध्ये, मॅथ्यू डॉब्सनने रुग्णाच्या रक्तद्रवातही गोडवा असल्याचे नोंदवले. लाव्हॉझिएने १७८९ च्या सुमारास श्वसन, स्वेदन आणि पचन यांना प्राणिदेहाचे नियामक म्हटले. १८२६ मध्ये तंजावरला आलेल्या बिशप हेबर यांनी सरफोजींच्या बोलण्यात लाव्हॉझिएचे उल्लेख सहज येतात, असे लिहून ठेवले. पुढे क्लोद बेर्नारने यकृत स्वतः साखर निर्माण करते, हे १८४८ मध्ये दाखवले आणि ‘अंतर्गत परिसरा’ची कल्पना मांडली. कॅननने १९२६ मध्ये तिला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. जेवणानंतर साखर वाढते तेव्हा स्वादुपिंडातील इन्सुलिन ती पेशींत व यकृतात साठवण्यास लावते. उपवासात ग्लुकॅगॉन यकृतातील साठा मोकळा करते. निरोगी देहात उपाशीपोटी ही पातळी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते.

यावर आपल्याकडे दिले जाणारे उत्तर असे, की चरकाचे ‘धातुसाम्य’ म्हणजेच होमिओस्टॅसिस. हे समीकरण आकर्षक असले तरी तौलनिक अभ्यासकाने ते स्वीकारू नये. धातुसाम्य हे वैद्यकाचे प्रयोजन आहे. आहार, ऋतू व आचरण यांच्या योगे ते राखायचे असते, बिघडल्यास पुन्हा आणायचे असते. होमिओस्टॅसिस ही देहाची स्वयंचलित क्रिया आहे. विशिष्ट राशी मोजली जाते आणि ती ढळताच उलट दिशेची क्रिया सुरू होते. पहिल्या कल्पनेत माणसाच्या आचरणाला जबाबदारी आहे, दुसऱ्या कल्पनेत यंत्रणेला रचना आहे. दोन्हींना ‘समतोल’ या एकाच मराठी शब्दात बसवले की दोन्ही अर्थ पुसट होतात.

तंजावरचे महत्त्व येथेच आहे. त्या दरबाराने तमिळ पद्य, संस्कृत शास्त्र आणि युरोपीय ग्रंथ शेजारी ठेवले. एकाला दुसऱ्याचे भाषांतर ठरवण्याची घाई केली नाही. मधुमेहासारख्या रोगाचा वाङ्मयीन इतिहास लिहितानाही हाच संयम उपयोगी पडेल. प्रत्येक नावाने रोगाचा कोणता भाग दाखवला हे आधी पाहावे. साम्याचा निर्णय त्यानंतर करावा.