जातिवंत म्हणजे काय? : एका छोट्या श्वानकुळाचा इतिहास

'जातिवंत' हे विशेषण मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. जातिवंत घोडा, जातिवंत बैल, आणि त्याच ओघात जातिवंत कलावंतही! गुण रक्तातून उतरतो, ही श्रद्धा या साऱ्या प्रयोगांमागे असते. कुत्र्यांच्या बाजारात मात्र या शब्दाला एक कोरडा, कागदी अर्थ चिकटला आहे. आईबापांची नावे एखाद्या मान्य नोंदवहीत असली की पिल्लू जातिवंत ठरते. आपल्याकडील कुलवृत्तांतांप्रमाणे ही नोंदवहीही कोण कोणाचा मुलगा हे चोख सांगते. कोण कशाने आणि कोणत्या वयात गेला याविषयी मात्र बहुधा मौन पाळते. छोटे जातिवंत कुत्रे घरी आणू पाहणारा माणूस 'पिल्लू कोणाकडून घ्यावे?' असे विचारतो, तेव्हा त्याला हवी असलेली माहिती नेमकी या मौनात दडलेली असते. हे मौन कसे निर्माण झाले आणि ते मोडण्याचे प्रयत्न कसे झाले, हे एका जातीच्या इतिहासातून फार स्पष्ट दिसते. ती जात म्हणजे 'कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल'.

जेमतेम पाच ते आठ किलो वजनाचा, लांब रेशमी कानांचा आणि मोठ्या पाणीदार डोळ्यांचा हा कुत्रा युरोपच्या दरबारांत वाढला. सतराव्या शतकातील राजकुटुंबांच्या चित्रांत त्याचे पूर्वज दिसतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स (कारकीर्द १६६० ते १६८५) या कुत्र्यांत इतका रमे, की राज्यकारभाराच्या बैठकीतही तो त्यांच्याशी खेळत बसतो, अशी तक्रार सॅम्युएल पेप्सने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. पुढे ब्लेनहाइमच्या लढाईमुळे गाजलेल्या मार्लबरो घराण्याने तांबड्या-पांढऱ्या रंगाचे स्पॅनियल जोपासले आणि त्या रंगालाच 'ब्लेनहाइम' हे नाव पडले. व्हिक्टोरिया राणीचा 'डॅश' याच कुळातला. १८३८ साली राज्याभिषेक आटोपून परतल्यावर राणीने त्याला स्वतः आंघोळ घातली होती. या काळापर्यंत कुत्र्याची जात ही ढोबळ कल्पना होती. लांब नाकाचे, आखूड नाकाचे, थोडे मोठे, थोडे लहान असे सारेच त्या नावाखाली सुखाने नांदत.

हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलले. १८५९ साली न्यूकॅसल येथे आधुनिक अर्थाने पहिले श्वानप्रदर्शन भरले. योगायोग असा की डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ त्याच वर्षीचा, आणि त्याचे पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांतील निवडीविषयीचे. माणूस निवडीच्या बळावर प्राण्याचे रूप किती झपाट्याने बदलू शकतो, हे डार्विन कबुतरांच्या आधारे सांगत होता. प्रदर्शनांतले हौशी लोक तोच धडा कुत्र्यांवर गिरवू लागले होते. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लबची स्थापना झाली, पाठोपाठ वंशनोंदवही आली, प्रत्येक जातीचे लेखी 'मानक' आले. यातून दोन गोष्टी घडल्या. नोंदवही बंद झाल्यामुळे बाहेरचे रक्त येणे थांबले. आणि मानक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे असल्यामुळे बक्षीसही दिसणाऱ्या गोष्टींनाच मिळू लागले. परीक्षकाला नाकाची लांबी दिसते, हृदयाची झडप दिसत नाही.

त्या काळी चपट्या तोंडाची आणि घुमटाकार डोक्याची आवड बळावली. छोट्या स्पॅनियलचे नाक पिढीगणिक आखूड होत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दरबारी चित्रांतला कुत्रा जवळजवळ नाहीसा झाला. रॉसवेल एल्ड्रिज नावाचा एक अमेरिकन गृहस्थ इंग्लंडला आला तो हाच जुना कुत्रा शोधत. तो कुठेही न सापडल्याने त्याने १९२६ मध्ये 'क्रफ्ट्स' प्रदर्शनात जाहीर केले, की चित्रांतल्यासारख्या लांब तोंडाच्या सर्वोत्तम नराला आणि मादीला आपण प्रत्येकी पंचवीस पौंडांचे बक्षीस देऊ. प्रस्थापित पैदासकारांना हे विचित्र वाटले. ज्या पिल्लांना ते 'बिघडलेली' म्हणून बाजूला सारत, त्यांनाच हा माणूस बक्षीस देऊ पाहत होता. १९२८ साली 'अ‍ॅन्स सन' या कुत्र्याने हे बक्षीस जिंकले. एल्ड्रिज मात्र त्याआधीच निवर्तला होता. त्याच वर्षी नव्या जातीचा क्लब निघाला, चार्ल्स राजाच्या पक्षपाती सरदारांवरून 'कॅव्हेलियर' हे नाव ठरले, आणि १९४५ मध्ये केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

येथवरची कथा सुखान्त वाटते. फॅशनने बिघडवलेले रूप काही निष्ठावंतांनी परत मिळवले. परंतु जुने रूप परत मिळाले तरी ते मोजक्या पूर्वजांतून मिळाले होते, आणि त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत अनेकांना आपले कुत्रे कमी करावे लागले. पुढची सारी लोकप्रिय जात या अरुंद पायावर उभी राहिली. हा पाया दोन ठिकाणी खचला. पहिले ठिकाण हृदयाचे. मिट्रल झडपेचा ऱ्हास या जातीत फार लवकर सुरू होतो. पाच वर्षांच्या सुमारास साधारण निम्म्या कुत्र्यांच्या ठोक्यांत मर्मर ऐकू येते, आणि दहाव्या वर्षापर्यंत तिच्यातून सुटलेला कुत्रा विरळाच. दुसरे ठिकाण कवटीचे. तिची मागची बाजू मेंदूला अपुरी पडते, द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पोकळ्या तयार होतात. असा कुत्रा चालता चालता थांबून हवेतच मान खाजवतो. पाहणाऱ्याला ती गंमत वाटते; पुष्कळदा ती वेदना असते.

पैदासकाराच्या जबाबदारीचा अर्थ येथे उलगडू लागतो. झडपेचा रोग उशिरा प्रकटतो. दीड वर्षाच्या कुत्रीचे हृदय तपासले तर ते निर्दोष आढळेल. तिची दोन वेते होऊन जातील आणि मग मर्मर सुरू होईल. पैदासकाराने खोटे काहीच सांगितलेले नसते, तरीही दोष पुढच्या पिढीत गेलेला असतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी नियम सुचवला तो असा : अडीच वर्षांच्या आत जोडी लावू नये, आणि आजी-आजोबांची हृदये पाच वर्षांच्या वयात निर्दोष होती याची खात्री करावी. म्हणजे पैदासकाराने थांबावे. या व्यवसायातली सर्वांत महाग वस्तू हीच.

असे थांबणे निष्फळ नसते, हे डेन्मार्कने दाखवून दिले. तेथे २००२ ते २०११ या काळात पैदाशीपूर्वी हृदयतपासणी सक्तीची होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या योजनेतून जन्मलेल्या कुत्र्यांमध्ये झडपेच्या रोगाचा धोका ७३ टक्क्यांनी घटला होता. ब्रिटनमध्ये मात्र जाग आणायला वादळ उठावे लागले. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आरोग्यावर माहितीपट दाखवला. मज्जारज्जूचा विकार असलेला एक कॅव्हेलियर प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरतो, हे त्यातून लोकांनी पाहिले. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले, आईबाप-अपत्ये आणि सख्खी भावंडे यांच्या संबंधातील पिल्लांची नोंदणी केनेल क्लबने बंद केली, आणि २०१२ मध्ये कवटी व मज्जारज्जूच्या एमआरआय तपासणीची अधिकृत योजना आली.

नॉर्वेने याही पुढचे पाऊल टाकले. पैदाशीतून सुदृढ प्राणी जन्मावेत असा दंडक तेथील प्राणीकल्याण कायद्यात आहे. त्याच्या आधारे प्राणिमित्र संघटनेने दावा लावला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरची शुद्ध पैदास बेकायदा ठरवली. इतर जातींशी संकराचा मार्ग खुला राहिला. ज्या नोंदवहीने दीडशे वर्षे बाहेरचे रक्त अडवले, तिची दारे उघडल्याशिवाय ही जात वाचणार नाही, असाच याचा अर्थ. डेन्मार्कचा अनुभव आणि नॉर्वेचा निवाडा परस्परविरोधी नाहीत. एक दोष निवडीने कमी करता येतो. मात्र जातीतल्या बहुतेक सर्वांतच असलेला दोष निवडीने काढायचा, तर निवडायला उरते कोण?

या इतिहासाला बाजाराचीही एक बाजू आहे. २०१३ साली वेल्समधील एका पिल्लांच्या कारखान्यातून 'लूसी' नावाची कॅव्हेलियर कुत्री सोडवण्यात आली. वारंवार विणीला जुंपल्याने तिचे शरीर मोडून गेले होते. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडात लागू झाला. सहा महिन्यांखालील पिल्लू आता तिथे दलालाकडून विकता येत नाही. पैदासकाराने ते त्याच्या आईसह, जन्मल्या जागीच दाखवावे लागते. कारखान्यात आईच लपवलेली असते, एवढ्या साध्या निरीक्षणावर हा कायदा उभा आहे.

आपल्याकडे २००३ च्या सुमारास दूरध्वनी कंपनीच्या एका जाहिरातीतून पग घराघरांत पोहोचला आणि त्याला मागणी आली. पैदाशीचे नियम केंद्र सरकारने २०१७ साली केले. त्यानुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांआतील पिल्लू विकायचे नसते, अठरा महिन्यांखालील कुत्रीची पैदास करायची नसते. हे नियम किमान आहेत. त्यांच्यापुढचे ग्राहकाने विचारायचे असते. आई कुठे आहे? तिचे हे कितवे वेत? तिचे आणि बापाचे हृदय कोणी, कोणत्या वयात तपासले? आजी-आजोबा जिवंत आहेत का, नसल्यास कशाने गेले? पिल्लू आम्हाला सांभाळता आले नाही तर तुम्ही परत घ्याल का? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडून रिकाम्या हातांनी परतावे. जो स्वतःच आपल्याला उलट दहा प्रश्न विचारतो आणि वर्षभर थांबायला सांगतो, त्याच्याकडे थांबावे.

अर्थात, साऱ्या दोषांचे खापर पैदासकाराच्या माथी फोडून ग्राहकाला मोकळे होता येणार नाही. चपटे नाक कोणाला तरी गोंडस वाटले म्हणून घडले; आठवड्याभरात पिल्लू हवे असणाऱ्यांच्या घाईवर कारखाने चालले. एल्ड्रिजच्या पंचवीस पौंडांनी एका जातीचा चेहरा बदलला, यावरून आपण कशाला पैसे मोजतो याचे सामर्थ्य ध्यानात यावे. 'जातिवंत' या शब्दाला त्याचा जुना, गुणवाचक अर्थ परत द्यायचा असेल, तर पिल्लाच्या चेहऱ्याआधी त्याच्या आजीच्या हृदयाची चौकशी करावी लागेल.