लाल कातडीचा छाप

ज्याची जमीन गेली, त्याचं नावसुद्धा मालकाच्या खात्यात जमा होतं. कसं, ते अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाच्या इतिहासात बघा.

संघ निघाला बोस्टनला, १९३२ साली. १९३३ ला मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शलने त्याचं नाव ठेवलं 'रेडस्किन्स'. म्हणजे लाल कातडीवाले! १९३७ ला हे बिऱ्हाड राजधानी वॉशिंग्टनला आलं. हा मार्शल कोण? काळा खेळाडू घेणार नाही म्हणून १९६२ पर्यंत अडून बसलेला इसम. सबंध लीगमध्ये शेवटचा. स्टेडियम सरकारी जागेवर होतं. केनेडी सरकारने त्या जागेचा पेच टाकला, तेव्हा कुठं बॉबी मिचेल संघात आला. आणि हा माणूस म्हणे आदिवासींचा सन्मान करत होता!

सन्मान कसला ते तपासू. १८६२ साली मिनेसोटात मँकाटो गावी ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवलं. १८६३ ला डाकोटा मारणाऱ्याला सरकारी इनाम लागलं. त्या इनामाच्या बातमीत पेपरवाल्यांनी मेलेल्यांसाठी छापलेला शब्द हाच, रेडस्किन.

१८८३ साली सरकारने आदिवासींचं सूर्यनृत्य गुन्हा ठरवलं. नाचलात तर शिधा बंद. ही नाचबंदी १९३४ पर्यंत चालली. आणि मधेच, १९२६ ला, इलिनॉय विद्यापीठाच्या मैदानात एक गोरा विद्यार्थी पिसं खोवून 'चीफ इलिनिवेक' म्हणून नाचायला लागला. खऱ्याला सजा, सोंगाला टाळ्या. हे सोंग २००७ ला बंद झालं.

लोक काही गप्प बसले नव्हते. १९६८ ला आदिवासींच्या राष्ट्रीय काँग्रेसने असल्या चित्रांविरुद्ध मोहीम काढली. १९७० ला ओक्लाहोमा विद्यापीठाने, १९७२ ला स्टॅनफर्डने आपली सोंगं टाकली. रेडस्किन्सवाले मात्र हटेनात.

तेव्हा सुझन शोन हार्जो या बाईने १९९२ ला नेमक्या वर्मावर बोट ठेवलं. ताग्यावर गिरणीचा छाप, तसा नावावर संघाचा ट्रेडमार्क. तो गेला की धंदा ढिला. १९९९ ला त्या जिंकल्या, २००३ ला कोर्टाने निकाल फिरवला. मग नवाहो जमातीची तरुण अमांडा ब्लॅकहॉर्स पुढं आली. २००६ ला अर्ज, २०१४ ला सहा ट्रेडमार्क रद्द. पण २०१७ ला सुप्रीम कोर्टाने भलत्याच खटल्यात तो कायदाच उडवला, आणि पंचवीस वर्षांची लढाई कागदावर हरली.

मालकाची बाजू घेणारे २०१६ ची एक पाहणी नाचवत. दहापैकी नऊ आदिवासींना नावाचं काही वाटत नाही म्हणे. पण स्टेफनी फ्रायबर्ग या आदिवासी संशोधक बाईने २००८ सालीच दाखवलं होतं, की असली चित्रं बघून आदिवासी पोरांचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं. चित्र वाईट न वाटणाऱ्यांचंसुद्धा! जखम दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही.

२०२० ला जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, रस्ते पेटले. गुंतवणूकदारांनी जाहिरातवाल्या कंपन्यांना धरलं, कंपन्यांनी मालकाला. नाव कधीच बदलणार नाही असं २०१३ ला बोललेल्या मालकाने १३ जुलै २०२० ला नाव सोडलं. कोर्टाने केलं नाही ते पैशाच्या भीतीने केलं. पण पन्नास वर्षं कुणी ओरडलंच नसतं, तर पैशाला भीती कशाची वाटली असती?

फ्लोरिडात सेमिनोल जमातीने तिथल्या विद्यापीठाला आपलं नाव वापरायची परवानगी दिली आहे. म्हणजे मुद्दा शब्दाचा कमी, ठरवणार कोण याचा जास्त. आपल्याला हे नवं नाही. १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षासह उठून बाहेर पडले. तोही सन्मानच होता म्हणे.

मित्रांनो, नाव बदललं म्हणून जमीन परत येत नाही. हे तिथल्या आदिवासींनाही पक्कं ठाऊक आहे. पण ज्याचं सोंग करून लोक हसतात, तो जमीन मागायला उभा राहिला तरी लोक हसतातच. आधी ते हसणं थांबवावं लागतं.