घराची किंमत आणि दारामागची बंदूक

अरबीत एक जुनी म्हण आहे : 'अल्-जार कब्लद्-दार'. घराच्या आधी शेजार पाहावा. आमच्या घरांतली वडीलधारी माणसे अरबी येत नसतानाही ही गोष्ट सांगत आली आहेत. जागा बघायला गेले की भिंती, नळ, उजेड यांच्या आधी शेजारी कोण हे विचारायचे. म्हणीत शेजाऱ्याच्या स्वभावाचा, चालचलणुकीचा विचार आहे. विसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र ही चौकशी जमीनजुमल्याच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि शेजाऱ्याच्या कातडीचा रंग हा घराच्या किमतीतला एक आकडा होऊन बसला. त्या आकड्यापायी माणसांना घरात बंदुका का ठेवाव्या लागल्या, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात अलीकडच्या एका वादापासून करू. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या उपनगरांतील 'जर्नल न्यूज' या वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या दोन काउंट्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. पिस्तुलाचे परवाने कोणाकडे आहेत, त्यांची नावे आणि पत्ते त्यात दाखवले होते. माहिती सरकारदफ्तरी खुली होती, तरी गहजब झाला. परवानाधारक म्हणाले, आता चोर बंदुका पळवायला आमच्याच घरी येणार. ज्यांच्याकडे बंदूक नव्हती तेही म्हणू लागले, आमचे घर निःशस्त्र आहे हे तुम्ही चोरांना सांगून टाकलेत. जानेवारी २०१३ मध्ये राज्याने नवा कायदा करून परवानाधारकांना आपले नाव गुप्त ठेवण्याची सोय दिली आणि वृत्तपत्राने नकाशा काढून घेतला.

या वादात एक गोष्ट उघडी पडली. जिथे दर तीन प्रौढांमागे जवळपास एकाकडे बंदूक असते, तिथे घर घेणाऱ्याला शेजारची बंदूक दिसतच नाही. दलाल ती सांगत नाही, खरेदीखतात ती येत नाही. बंदूक कपाटात असते आणि माणसाचा चेहरा रस्त्यावर. बाजाराने भीतीचा भाव लावला तो चेहऱ्याला. हे कसे घडले ते पाहायला डेट्रॉइटसारखे दुसरे शहर नाही.

मोटारींच्या कारखान्यांनी डेट्रॉइट फुगवले. १९१० मध्ये या शहरात काळ्या लोकांची संख्या सहा हजारांच्याही आत होती. १९२० मध्ये ती चाळीस हजारांवर आणि १९३० मध्ये एक लाख वीस हजारांवर गेली. दक्षिणेतील कापसाची शेते आणि झुंडींचे खून मागे टाकून ही माणसे आली होती. (त्याच कारखान्यांच्या ओढीने अरब मजूरही आले. डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कमध्ये १९२१ मध्ये मशीद उभी राहिली, ती अमेरिकेतील अगदी पहिल्या मशिदींपैकी एक.) काळ्यांना राहायला मात्र शहराच्या पूर्वेकडचा 'ब्लॅक बॉटम' हा एक जुनाट, खचाखच भरलेला भाग. माणसे वाढली, वस्तीची हद्द वाढली नाही. साहजिकच पडक्या खोल्यांचे भाडे चढत गेले.

डॉ. ऑशियन स्वीट हे फ्लोरिडातून आलेले. आजोबा-पणजोबांच्या पिढीने गुलामगिरी भोगलेली. लहानपणी बार्टो गावात एका काळ्या माणसाला जमावाने जिवंत जाळलेले त्यांनी पाहिले होते. हॉवर्ड विद्यापीठात ते वैद्यकी शिकले, डेट्रॉइटमध्ये दवाखाना थाटला, व्हिएन्ना आणि पॅरिसला जाऊन पुढचे शिक्षण घेतले. पत्नी ग्लॅडिस आणि तान्ही मुलगी आयव्हा यांच्यासाठी त्यांना चांगले घर हवे होते. १९२५ मध्ये त्यांनी गार्लंड आणि शार्लव्हॉय या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे विटांचे दुमजली घर घेतले. किंमत १८,५०० डॉलर. ३,५०० डॉलर आधी, उरलेले हप्त्यांनी.

ही किंमत बाजारभावापेक्षा बरीच जास्त होती, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. गोऱ्या गिऱ्हाइकाला तेच घर कितीतरी हजार डॉलर कमी देऊन मिळाले असते. काळ्याला गोऱ्या वस्तीत घर विकणारा क्वचितच भेटे, म्हणून भेटेल तो मागेल ती किंमत. म्हणजे ज्याच्या येण्याने घरांच्या किमती पडतात अशी हाकाटी होती, त्याच माणसाने त्या गल्लीत सर्वांत चढी किंमत मोजली होती. शेजाऱ्यांना हा हिशेब दिसला नाही. त्यांना दिसले ते इतकेच की काळा कुटुंबकबिला येतो आहे.

त्या शेजाऱ्यांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ती माणसे कारकून, कारागीर, कारखान्यातील मुकादम होती. आयुष्याची कमाई एका घरात घातलेली, कर्ज डोक्यावर. त्यांना कोणीतरी पद्धतशीर सांगितले होते की एक काळे कुटुंब आले की तुमची कमाई बुडाली. १९२४ मध्ये अमेरिकेतील घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतच कलम घातले होते : ज्यांच्या वास्तव्याने मालमत्तेच्या किमतीला धक्का बसेल अशा वंशाच्या माणसांना दलालाने वस्तीत आणू नये. भीतीला असे नीतीचे कलम मिळाले. शहरात कू क्लक्स क्लॅन माजलेली. १९२४ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत तिचा उमेदवार थोडक्यात हुकला होता.

जुलैमध्ये समोरच्या शाळेच्या आवारात 'वॉटरवर्क्स पार्क सुधारणा मंडळा'ची सभा भरली. नाव सुधारणा मंडळ, काम स्वीट यांना येऊ न देणे. त्याच उन्हाळ्यात डॉ. अलेक्झांडर टर्नर या दुसऱ्या काळ्या डॉक्टरला जमावाने नव्या घरातून पळवून लावले होते आणि त्याच दिवशी घर सोडल्याच्या कागदावर सही घेतली होती. स्वीट यांनी हे पाहिले होते. ८ सप्टेंबर १९२५ रोजी ते राहायला आले तेव्हा सामानात थोडेसे फर्निचर, शिधा, आणि दहाएक बंदुका-पिस्तुले व काडतुसांची पिशवी होती. भाऊ आणि मित्र सोबत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी जमली. पोलीस होते, पण उभे. दगड पडू लागले, काच फुटली, आणि वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या. रस्त्यापलीकडे उभा असलेला लिऑन ब्रायनर मरण पावला, एक जण जखमी झाला. घरातील अकराही जणांना, ग्लॅडिससकट, खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात आले.

काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने क्लॅरन्स डॅरो यांना वकील नेमले. न्यायाधीश होते फ्रँक मर्फी, तेव्हा पस्तिशीचे. ज्यूरीतील बाराही पुरुष गोरे. सरकारपक्षाचे म्हणणे असे की तिथे गर्दी नव्हतीच, मग गोळी कशासाठी? डॅरो यांनी दाखवले की गर्दी नव्हती असे सांगायला आलेल्या सत्तरएक साक्षीदारांचीच एक गर्दी होते. एक पोरगेला साक्षीदार आधी खूप माणसे होती असे म्हणू लागला आणि मध्येच अडखळून थोडीच होती म्हणाला. बचावाचा कायदेशीर आधार जुना होता. आपल्या घरावर चालून येणाऱ्यांपासून घर राखण्याचा हक्क माणसाला आहे, असे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६० मध्येच म्हटले होते. प्रश्न एवढाच होता की हा हक्क काळ्यालाही आहे काय. डॅरो यांचे म्हणणे होते की हेच उलटे घडते, गोऱ्यांनी काळ्या जमावापासून घर राखले असते, तर त्यांच्यावर खटला भरण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९२६ मध्ये धाकटा भाऊ हेन्री याच्यावर वेगळा खटला चालला. गोळी झाडल्याचे त्याने कबूल केले होते. १३ मे रोजी तो निर्दोष सुटला आणि पुढे बाकीच्यांवरील आरोपही मागे घेण्यात आले.

न्याय मिळाला, पण सुख लाभले नाही. आयव्हा १९२६ मध्येच क्षयाने गेली. ग्लॅडिसला तुरुंगात क्षय जडला असे स्वीट मानत. १९२८ मध्ये तीही गेली, वय सत्तावीस. डॉक्टर पुढे त्याच घरात राहिले, कर्जात बुडाले, १९५८ च्या सुमारास त्यांनी घर विकले आणि १९६० मध्ये स्वतःवरच गोळी झाडून घेतली.

त्याच मिशिगनमधली, आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. १९२९ मध्ये लान्सिंग गावाबाहेर अर्ल लिटल या काळ्या धर्मोपदेशकाने घर घेतले. शेजारी न्यायालयात गेले. ही जमीन काळ्यांना विकता येणार नाही अशी अट मूळ खतात होती. निकाल शेजाऱ्यांच्या बाजूने लागला. नोव्हेंबरात एका रात्री घराला आग लागली. पोलिसांनी संशय घेतला तो लिटल यांचाच. आग त्यांनीच लावली नाही ना, आणि त्यांच्या पिस्तुलाचा परवाना कुठे आहे, अशी उलटी चौकशी चालली. कडेवरून बाहेर काढलेल्या लेकरांत चार वर्षांचा माल्कम होता. हाच पुढे माल्कम एक्स, अल्-हज मलिक अल्-शबाझ. १९६४ मध्ये 'एबनी' मासिकात आलेले त्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल : अंगात कोट-टाय, हातात रायफल, आणि पडदा सारून खिडकीबाहेर लागलेली नजर. त्या छायाचित्रावरून त्यांना हिंसेचा पुरस्कर्ता ठरवले गेले. फेब्रुवारी १९६५ मध्ये मुले झोपलेली असताना त्यांच्या न्यूयॉर्कच्या घरावर आगीचे बाँब पडले. आठवड्यानंतर त्यांचा खून झाला. चार वर्षांच्या वयात जळते घर पाहिलेला माणूस खिडकीशी का उभा राहतो, हे त्या छायाचित्राखाली लिहायला हवे होते.

गोऱ्या जमावाचे काम पुढे सरकारी कागदांनी हाती घेतले. १९३४ मध्ये गृहकर्जांना हमी देणारे सरकारी खाते निघाले. मिश्र वस्ती म्हणजे जोखीम, असे त्याच्या नियमावलीतच होते. दुसऱ्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या. डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवर एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती, पण बाजूला काळ्यांची वस्ती, म्हणून हमी मिळेना. १९४१ मध्ये त्याने मध्ये सहा फूट उंचीची, अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत घातली. मग हमी मिळाली. किमती खरोखर पडत होत्या त्या या कागदांमुळे. कर्जच न मिळणाऱ्या वस्तीत घराला गिऱ्हाईक कुठून येणार? शिवाय काही दलाल आधी घबराट पसरवीत, गोऱ्यांकडून घाईने स्वस्तात घरे घेत आणि काळ्यांना चढ्या भावाने विकत. लुइजी लॉरेंटी या अभ्यासकाने १९६० मध्ये काही शहरांतील प्रत्यक्ष व्यवहार तपासले, तेव्हा काळी कुटुंबे आल्यावर बहुतेक वस्त्यांत किमती टिकल्या किंवा चढल्या होत्या असे दिसले.

खतांतील वंशाच्या अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्यासोबत निकालात निघालेले एक प्रकरण डेट्रॉइटचेच होते, आणि एकमताने निकाल देणाऱ्या सहा न्यायमूर्तींत एक होते फ्रँक मर्फी. घरविक्रीत भेदभाव करण्यावर कायद्याने बंदी यायला १९६८ उजाडले.

आपल्याकडे बंदुकीची गोष्ट वेगळी. १८७८ च्या इंग्रजी कायद्याने आणि नंतर १९५९ च्या कायद्याने सामान्य घरात हत्यार राहिलेच नाही, आणि ते बरेच झाले. किमतीची भाषा मात्र आम्हांला ओळखीची आहे. जागा बघायला गेल्यावर नाव विचारले जाते, आणि नाव सांगितल्यावर 'सोसायटीत चालत नाही' असे उत्तर येते. कारण विचारले तर तिरस्कार कोणी कबूल करत नाही. आम्हांला काही नाही हो, पण फ्लॅटचा रेट पडतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेल्या हजारो कुटुंबांनी मुंब्रा फुगवले, तेही काही हौसेने नव्हे. गुजरातेत १९९१ च्या कायद्याने अशांत ठरवलेल्या भागात घर विकायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. हेतू घाबरून होणाऱ्या विक्रीला आळा घालण्याचा, पण व्यवहारात त्याने वस्त्यांच्या सीमा पक्क्या केल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहकारी गृहसंस्थेला सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते असे मानले. ते प्रकरण अहमदाबादच्या पारशी संस्थेचे होते, पण त्याचा आधार कोणकोण घेईल हे तेव्हाच कळण्यासारखे होते. परिणाम तोच, गार्लंड रस्त्यावरचा. मोहल्ल्याबाहेर घर मिळालेच तर जास्त मोजायचे, आणि मोहल्ल्यात टंचाई म्हणून तिथेही जास्त मोजायचे.

डेट्रॉइटची ती भिंत अजून उभी आहे. गोरी कुटुंबे केव्हाच शहराबाहेर गेली. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक काळीच कुटुंबे राहतात. २००६ मध्ये तिथल्या लोकांनी आणि चित्रकारांनी मिळून तिच्या एका भागावर रंगीत चित्रे काढली.