किण्वन-साधनांची स्वच्छता व निर्जंतुकीकरण

वाइन, बिअर, मीड, सिरका, कोंबुचा अशी आंबवलेली पेये करताना लागणाऱ्या टाक्या, पिंपे, बरण्या, नळ्या, तोट्या, बाटल्या व बुचे धुऊन काढणे आणि त्यानंतर त्यांवर उरलेल्या सूक्ष्मजीवांची संख्या पेयाला बाधणार नाही इतकी खाली आणणे, अशा दोन क्रिया या विषयात येतात. दवाखान्यात लागते तशी संपूर्ण निर्जंतुकता येथे अपेक्षित नसते आणि बहुधा साधतही नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालते ते नाशिक जिल्ह्यात. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, इगतपुरीजवळचे सांजेगाव आणि विंचूरचे वाइन पार्क येथील वाइनरींत जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षे चिरडण्याइतकेच मनुष्यबळ धुण्यावर खर्ची पडते.

घरगुती साधनांबाबत एक गोष्ट आधीच नोंदवायला हवी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली (१९४९; मूळ नाव मुंबई दारूबंदी अधिनियम) परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या स्वयंपाकघरात का असेना. परदेशात राहणारी मराठी कुटुंबे तिथल्या कायद्याच्या मर्यादेत घरी बिअर वा वाइन करतात. नाशिककराला तो मार्ग मोकळा नाही. त्याच्या घरी आंबते ते कांजी, सिरका, कोंबुचा असे काही. स्वच्छतेचे नियम मात्र या पेयांनाही तेच लागू पडतात, कारण नको असलेल्या जिवाणूला परवान्याशी कर्तव्य नसते.

पार्श्वभूमी : लूई पाश्चर यांनी १८६६ मध्ये वाइनवरील आणि १८७६ मध्ये बिअरवरील ग्रंथात, पेय नासते ते ठरावीक सूक्ष्मजीवांमुळे, हे दाखवून दिले. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले, तेव्हापासून भांड्यात कोणता जीव असावा आणि कोणता नसावा, हे ठरवणे शक्य झाले. लोकव्यवहार त्याहून जुना आहे. नीरा उतरवताना मडक्याला आतून चुना लावतात; चुन्याच्या अल्कतेमुळे रस आंबायला लागत नाही आणि त्याची ताडी होत नाही. लोणच्याची बरणी धुऊन, उन्हात वाळवून तिला हिंगाची धुरी देण्याची रीत घरोघरी होती. धुरीला श्रेय फार दिले जाते. खरे काम करतो तो कडक उन्हातला कोरडेपणा.

नाशिकच्या आधुनिक वाइन व्यवसायाला गती मिळाली ती सुला विनयार्ड्सची स्थापना (१९९९) आणि राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण (२००१) यांनंतर. शांदोंने दिंडोरीत फसफसती वाइन करायला घेतली ती २०१३ च्या सुमारास. या कारखान्यांबरोबरच पोलादी टाक्या, थंड पाण्याची जॅकेट, पंप आणि ते सगळे धुण्याची शिस्त जिल्ह्यात आली.

नाशिकचे वेगळेपण : युरोपात द्राक्षे उतरतात शरदात आणि वाइन आंबून होते तोवर थंडी पडू लागते, तळघर आपोआप गार होत जाते. नाशिकला उलट. ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, थंडीत मणी भरणे आणि तोड जानेवारीपासून. म्हणजे वाइन टाकीत स्थिरावू लागते तेव्हा बाहेर उन्हाळा चढत असतो. मार्चच्या उन्हात न धुतलेल्या पंपात राहिलेला ओंजळभर रस एका रात्रीत आंबूस होतो आणि सकाळी त्यावर चिलटे घोंघावतात. ही चिलटे अॅसिटोबॅक्टर या सिरका करणाऱ्या जिवाणूची वाहक आहेत. उष्ण हवामानातील द्राक्षांत आम्ल कमी राहण्याकडे कल असतो, वाइनचा सामू त्यामुळे वर जातो, आणि वर गेलेल्या सामूत गंधकाच्या डायऑक्साइडची ताकद घटते. गार मुलखातील वाइनरीला जी ढिलाई पचते ती येथे पचत नाही.

द्राक्षे कोणी निर्जंतुक करत नाही. सालीवर रानटी यीस्ट, जिवाणू, बुरशीचे बीजाणू असतातच, आणि बिअरप्रमाणे येथे रस उकळलाही जात नाही. मग टाकी इतकी घासायची कशाला? उत्तर संख्येत आहे. बागेतून येणारे जीव विखुरलेले असतात. आम्ल, वाढता अल्कोहोल आणि थोडे गंधक त्यांना आवरते. तोटीच्या रबरी रिंगमागे आठवडाभर वाढलेली वसाहत मात्र लाखोंनी आणि स्वतःच्या चिकट आवरणासह उतरते. बिअरचे गणित निराळे. उकळण्यापूर्वीची भांडी नुसती स्वच्छ असली तरी चालते. उकळून गार झालेला गोड, कमी आम्लाचा काढा ज्याला ज्याला स्पर्श करतो ते सर्व निर्जंतुक लागते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून राज्यात मायक्रोब्रुअरी रुजल्या. तिथले काम करणारे गार बाजू आणि गरम बाजू असा भेद काटेकोर पाळतात तो याचसाठी.

मळ आणि त्याचे औषध : निर्जंतुक करणारे द्रव्य मळावर चालत नाही. प्रथिने, साखर, यीस्टचा साका यांच्या थरात ते खर्ची पडते आणि खालचे जीव शाबूत राहतात. यासाठी आधी धुणे, मग निर्जंतुक करणे, हा क्रम कधीही उलटत नाही. मळ कोणता हे पाहून द्रव्य निवडावे लागते. साका, रंग, साली यांसारखा सेंद्रिय मळ अल्कलीने सुटतो. कारखान्यात त्यासाठी १ ते २ टक्के कॉस्टिक सोडा कोमट-गरम पाण्यात फिरवतात. घरी सोडियम परकार्बोनेट पुरते, जे गरम पाण्यात विरघळून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देते. लाल वाइनच्या टाकीच्या भिंतीवर जमणारे टार्ट्रेटचे खडे गार पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. गरम पाण्याने किंवा अल्कलीने ते उतरतात. त्यावर घासणी चालवून पोलादाला ओरखडे पाडणे हा निव्वळ आडमुठेपणा. बिअरच्या भांड्यांत जमणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा दगडी थर उलट आम्लानेच निघतो.

बोअरचे पाणी हा वेगळा त्रास. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा भरपूर असतात. अशा पाण्यात सोडा घातला की क्षार खाली बसतात आणि धुतलेल्या भांड्यावर पांढरी झाक उरते. तिच्या खरखरीत पृष्ठभागावर जीवांना पाय रोवायला जागा मिळते. अल्कलीनंतर सायट्रिक आम्लाच्या पाण्याचा हात देतात तो ही झाक काढण्यासाठी आणि उरलेली अल्कली मारण्यासाठी.

टाकीची धुलाई : पाच हजार लिटरची टाकी रिकामी झाली की पहिली फेरी साध्या पाण्याची. होज पाइपने साका ढकलून खालच्या दारातून काढतात. मग टाकीच्या माथ्यावरील फवारा-गोळ्यातून कॉस्टिक पंपाने फिरत राहते, त्यावर पाणी, त्यावर सायट्रिक, पुन्हा पाणी. यंत्रणा लावून केलेल्या या धुलाईला कामगार ‘सीआयपी’ म्हणतात. एवढे झाल्यावर जाणता माणूस बॅटरी घेऊन टाकीत डोकावत नाही. तो आधी नमुना काढायची छोटी तोटी उघडतो, मॅनहोलच्या दाराची गॅस्केट बोटाने ओढून तिच्या खाचेत पाहतो आणि वास घेतो. फवारा भिंतींवर पोचतो, या दोन ठिकाणी पोचत नाही. जांभळट चिकट रेघ सापडते ती इथेच. व्हॉल्व्ह सोडवून, ब्रशने घासून, गॅस्केट वेगळी भिजवल्याशिवाय ती जात नाही. निर्जंतुकीकरण त्यानंतर, टाकी पुन्हा भरण्याच्या थोडे आधी. आदल्या दिवशी करून ठेवलेले धरत नाहीत.

निर्जंतुक द्रव्ये : पेरअॅसिटिक आम्ल १०० ते २०० पीपीएम प्रमाणात वापरले तर त्याचे शेवटी व्हिनेगर, पाणी व ऑक्सिजन होते, म्हणून वाइनरींत ते पसंतीचे आहे. तीव्र द्रव मात्र डोळे व कातडी जाळतो. आयोडीनयुक्त द्रव्ये साधारण १२ ते २५ पीपीएमला काही मिनिटांत काम करतात, पण प्लॅस्टिकवर तपकिरी डाग सोडतात. फळप्रक्रियेच्या वर्गातून स्क्वॅश शिकलेल्यांना ठाऊक असलेले केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वजनाच्या सुमारे ५७ टक्के गंधकाचा डायऑक्साइड देते. ते आम्ल पाण्यातच परिणामकारक ठरते. नुसते केएमएस साध्या पाण्यात घोळून बाटल्या विसळणे म्हणजे समाधान तेवढे. दम्याच्या रुग्णाने त्याच्या वाफेपासून दूर राहावे. गरम पाणी सर्वांत जुने आणि अजूनही उत्तम : ८० अंशांवरचे पाणी २० मिनिटे पृष्ठभागाला लागून राहिले पाहिजे. घरातला प्रेशर कुकर पूर्ण दाबाला सुमारे १२० अंशांपर्यंत पोचतो. काचेच्या लहान बाटल्या, पोलादी चमचे आणि गाळणीचे कापड यांसाठी याहून चांगले साधन विकत आणायची गरज नाही.

क्लोरीनचे ब्लीच स्वस्त आणि हाताशी असते, तरी वाइनरीत त्याला मज्जाव आहे. लाकूड, बूच व पुठ्ठ्यातील द्रव्ये, क्लोरीन आणि बुरशी एकत्र आली की ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेही वाइनला ओल्या, कुबट पुठ्ठ्याचा वास द्यायला पुरतात आणि एकदा इमारतीत शिरले की निघता निघत नाही. शिवाय क्लोराइड पोलादाला सूक्ष्म भोके पाडते. ब्लीच आणि आम्ल एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बाथरूम साफ करण्याच्या आम्लासोबत ब्लीच ओतल्याने घरातही असे अपघात होतात. भांड्यांचा सुगंधी साबणही या कामाला नको. त्याचा लिंबाचा वास प्लॅस्टिकात राहतो आणि साबणाचा अंश बिअरचा फेस मोडतो.

लाकूड, काच, प्लॅस्टिक : २२५ लिटरचे ओकचे पिंप खऱ्या अर्थाने निर्जंतुक होतच नाही. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट लाकडात काही मिलिमीटर खोल शिरते आणि वाइनला घोड्याच्या तबेल्याचा म्हणतात तसा वास आणते. गरम पाणी, वाफ आणि आत गंधकाची वात जाळणे एवढेच उपाय. कॉस्टिकने लाकडाचा कस जातो. रिकामे पिंप कोरडे पडून फुटू नये म्हणून लिटरला २ ग्रॅम केएमएस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्लाच्या पाण्याने भरून ठेवण्याची पद्धत आहे. काच सर्वांत सोपी. चिनी मातीची बरणी चांगली, मात्र तिच्या झिलईला तडे नसावेत. प्लॅस्टिकची बादली वा ड्रम घासणीने ओरखडला की त्या चरांत जीव बसतात आणि तिथे कोणतेच द्रव्य पुरते पोचत नाही. असे भांडे धान्याला वापरावे, आंबवायला नाही. रबरी व सिलिकॉनच्या नळ्या स्वस्त असतात, त्या वेळच्या वेळी बदलाव्यात. महागडे निर्जंतुक द्रव्य घेणारा माणूस आठ-दहा रुपयांची गॅस्केट वर्षानुवर्षे चालवतो, ही या क्षेत्रातली सार्वत्रिक विसंगती आहे.

धोके : आंबून झालेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. तो हवेपेक्षा जड, रंगहीन असतो. टाकी धुवायला आत उतरलेला कामगार काही श्वासांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. टाकीत हवा खेळवून, प्राणवायूचे प्रमाण मोजून, बाहेर माणूस उभा करूनच उतरावे. टाकीत न उतरता धुता येत असेल तर उतरूच नये. या वायूने भरलेल्या बंद टाकीत कॉस्टिक सोडले तर ते वायू शोषून घेते, आत निर्वात तयार होतो आणि पोलादी टाकी आत चेपते. झाकण उघडे ठेवणे हा तेवढ्यापुरता साधा इलाज. कॉस्टिक मिसळताना नेहमी पाण्यात कॉस्टिक घालावे, कॉस्टिकवर पाणी नव्हे. हातमोजे व चष्मा अर्थातच.

सांडपाणी : वाइनरीच्या सांडपाण्याचा मोठा भाग या धुलाईचा असतो आणि तोडीच्या तीन महिन्यांत तो एकवटतो. साखर, साका व आम्ल यांनी त्यातील सेंद्रिय भार वाढतो, कॉस्टिक व आम्लाने सामू वर-खाली होतो. शिवाय सोडियममुळे काळ्या जमिनीचा पोत बिघडतो. द्राक्षबागेला तेच पाणी द्यायचे असेल तर सोडियमऐवजी पोटॅशियमची अल्कली वापरणे हा एक पर्याय आहे. प्रक्रिया न करता ते नाल्यात सोडता येत नाही, कारण नाशिकचे नाले शेवटी गोदावरीला मिळतात. घरच्या पातळीवर प्रमाण किरकोळ असले तरी सेप्टिक टँक असलेल्या घरात ब्लीच किंवा कॉस्टिक बादलीने ओतू नये. त्याने टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात.