लोर्ना : धोबी तलावचा आवाज दोन दशकं गप्प का राहिला?

गोव्यातलं लग्न असो की पार्टी, 'बेब्दो', 'पिसो' ही गाणी लागली की लोक नाचायला उठतातच. ती गाणारा आवाज मात्र घडला मुंबईत. गायिका लोर्ना कॉर्डेरो यांची ही गोष्ट.

मुंबईत जॅझ कुठून आलं?

१९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात परदेशी जॅझ बँड वाजू लागले. गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले वादक मुंबईत होतेच. ते दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलांत वाजवायचे. अनेकांचा मुक्काम गिरगावला लागून असलेल्या धोबी तलावच्या 'कुडीं'मध्ये, म्हणजे गावागावांच्या क्लबमध्ये असे.

ख्रिस पेरी आणि लोर्ना

लोर्ना यांचा जन्म १९४६चा, मुंबईतला. मडगावचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी यांनी त्यांना किशोरवयातच आपल्या बँडमध्ये घेतलं. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ही जोडी गाजली. जॅझची लय आणि कोंकणी शब्द असं पेरी यांचं समीकरण होतं. एचएमव्हीच्या रेकॉर्ड्समधून ही गाणी घराघरांत पोहोचली.

मग काय झालं?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांची साथ सुटली. दुसऱ्या कुणाच्या बँडसोबत गायचं नाही, असा करार पेरी यांनी करून घेतला होता, असं सांगितलं जातं. लोर्ना यांनी गाणंच सोडलं. त्या धोबी तलावलाच राहत होत्या. गाणी वाजत राहिली, गायिका मात्र दिसेनाशी झाली.

पुनरागमन कसं झालं?

संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी मनधरणी करून त्यांना परत स्टुडिओत आणलं. 'हॅलो लोर्ना' हा अल्बम आला आणि १९९५मध्ये गोव्यात मिरामारला त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या. श्रोत्यांनी तुफान गर्दी केली. त्यानंतर त्या कार्यक्रम करत राहिल्या. पेरी यांचं २००२मध्ये निधन झालं.

सिनेमा कोणता?

बार्द्रॉय बारेटो यांचा 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट या जोडीच्या आयुष्यावरून प्रेरित आहे. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला.

चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या बहुतेक गोवेकर वादकांची नावं श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. त्या पिढीतल्या लोर्ना यांना मात्र हरवलेली ओळख जिवंतपणीच परत मिळाली.